मंडळीच्या केंद्रस्थानी सुवार्ता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठी मंडळ्यांतले पाळक, पंच, संडे स्कूलचे शिक्षक आणि गायनमंडळातली माणसे हे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. उत्तरे मुख्यतः प्रोटेस्टंट मंडळ्यांची रीत डोळ्यांपुढे ठेवून लिहिली आहेत. वसईकडच्या कॅथलिक वाचकांना उपासनाविधीचे काही तपशील वेगळे वाटतील, पण बहुतेक मुद्दे त्यांनाही लागू पडतील.

सुवार्ता म्हणजे नेमके काय? दोन वाक्यांत सांगता येईल का?

प्रेषित पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात ती एका वाक्यात सांगितली आहे. १ करिंथ १५:३-५ उघडा. ख्रिस्त आपल्या पापांसाठी मरण पावला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला, आणि पेत्राला व बारा जणांना दिसला. आणि हे सगळे शास्त्राप्रमाणे झाले. या यादीत आपण करायचे असे एकही काम नाही. सगळे त्याने केलेले आहे. आपल्या वाट्याला येतो तो पश्चात्ताप आणि विश्वास (मार्क १:१५), म्हणजे घडलेल्या गोष्टीला दिलेला प्रतिसाद.

इथे एक गल्लत नेहमी होते. ‘प्रभूने मला दारूतून सोडवले’ ही साक्ष आहे, आणि मंडळीत ती जरूर ऐकावी. पण ती सुवार्तेचे फळ आहे. दारू सोडून कर्ज फेडलेली माणसे ख्रिस्ताविनाही सापडतात. सभेत तीन साक्षी झाल्या आणि क्रूसाचा उल्लेखच झाला नाही, तर लोक प्रोत्साहन घेऊन घरी गेले, सुवार्ता ऐकून गेले नाहीत.

आमची मंडळी बायबल मानते. मग सुवार्ता बाजूला पडली हे ओळखायचे कसे?

सुवार्ता नाकारून बाजूला पडलेली मंडळी आपल्याकडे विरळा. ‘ती सगळ्यांना ठाऊकच आहे’ असे धरून चालल्यामुळे ती मागे पडते. एक पिढी ती मानते, दुसरी गृहीत धरते, आणि तिसऱ्या पिढीला विचारले की उत्तर येते, ‘आम्ही जन्मापासून ख्रिस्ती आहोत.’ ज्या मंडळ्या अमेरिकन मराठी मिशनच्या किंवा स्कॉटिश मिशनच्या काळापासून चालत आल्या आहेत, तिथे पाचवी-सहावी पिढी बाकांवर बसते. अहमदनगरला मिशनचे काम १८३१ मध्ये सुरू झाले, यावरून अंदाज करा.

तपासणी अशी करा. मागच्या चार रविवारचे उपदेश आठवून प्रत्येकाचा सार एका ओळीत लिहा. त्या ओळीचा कर्ता कोण आहे ते पाहा. ‘आपण प्रार्थनेत टिकून राहावे’, ‘आपण क्षमा करावी’, ‘आपण मुलांना वेळ द्यावा’ अशा चारही ओळी निघाल्या तर मंडळीला महिनाभर सल्ला मिळाला. सल्ला चांगलाच होता, पण तो देवळाबाहेरही मिळतो.

दुसरी तपासणी जास्त टोचते. वेगवेगळ्या वयाच्या पाच सभासदांना विचारा, ‘देव तुम्हांला का स्वीकारील?’ ‘मी नियमित चर्चला येतो’, ‘कोणाचे वाईट केले नाही’ अशी उत्तरे आली तर त्या लोकांना दोष देऊ नका. व्यासपीठावरून त्यांनी जे ऐकले तेच ते सांगत आहेत.

प्रत्येक उपदेशात क्रूस आणायचा म्हणजे तेच तेच होणार नाही का?

शेवटची पाच मिनिटे चिकटवल्यासारखी आणली तर होईलच. वचन कुठलेही असो, शेवट ठरलेला, हे लोकांना चार आठवड्यांत कळते आणि ते घड्याळाकडे पाहू लागतात. क्रूस त्या उताऱ्यातूनच दिसायला हवा.

दावीद आणि गल्याथ (१ शमुवेल १७) हा उतारा घ्या, कारण यावर सर्वांत जास्त घसरगुंडी होते. नेहमीचा उपदेश असा: तुझ्या आयुष्यातला गल्याथ कोणता? कर्ज, आजार, परीक्षा? पाच गोटे उचल: विश्वास, प्रार्थना, वचन, उपास, संगती. ऐकायला छान वाटते, पण उताऱ्यात या गोट्यांना कुठेही नावे दिलेली नाहीत, आणि ऐकणाऱ्याला दावीदाच्या जागी उभे करणेच मुळात चुकते. ११वे वचन पाहा. शौल आणि सगळे इस्राएल घाबरून गेले आहेत. आपली जागा तिथे आहे, त्या भेदरलेल्या फौजेत. आदल्याच अध्यायात अभिषेक झालेला, बेथलेहेमचा, भावांनी हिणवलेला एकटा मनुष्य सगळ्यांच्या वतीने पुढे जातो. तो जिंकतो, आणि मग ५२व्या वचनात फौज आरोळी ठोकून उठते आणि पळणाऱ्या शत्रूचा पाठलाग करते. विजय एकाचा, धैर्य सगळ्यांचे. इथून ख्रिस्ताकडे जाणारा रस्ता ओढूनताणून काढावा लागत नाही. शिवाय ‘धीर धर’ हे सांगायचेही राहत नाही, फक्त त्याला आता पाया मिळतो.

आज्ञांच्या उताऱ्यांनाही हेच लागू. दहा आज्ञांची सुरुवात निर्गम २०:३ पासून करू नका, २ पासून करा. ‘मी तुला मिसर देशातून बाहेर आणले’ हे आधी येते, आज्ञा नंतर. हा क्रम उलटला की सुटका झालेल्या लोकांना दिलेली शिकवण सुटकेची किंमत होऊन बसते. पौलाच्या पत्रांतही असेच आहे. इफिसकरांस पत्राचे पहिले तीन अध्याय देवाने काय केले ते सांगतात. ‘आता तुम्ही कसे चाला’ हे चौथ्यापासून. चौथ्या ते सहाव्या अध्यायावर वर्षभर उपदेश आणि पहिल्या तीनवर एकही नाही, असे आपल्याकडे सर्रास घडते.

तयारी करताना कागदावर तीन प्रश्न उतरवा आणि याच क्रमाने सोडवा:

१. या उताऱ्यात देव काय करतो?
२. माणसाची कोणती गरज किंवा कोणते पाप इथे उघडे पडते, की जे त्याला स्वतःला दुरुस्त करता येत नाही?
३. ती गरज ख्रिस्ताने कुठे आणि कशी भागवली?

‘आता आपण काय करावे’ हा चौथा प्रश्न. तो तिसऱ्याचे उत्तर मिळाल्याशिवाय लिहू नका. ३० मिनिटांच्या उपदेशात या चौथ्या भागाला ७-८ मिनिटे पुरतात.

आमच्या पाळकसाहेबांकडे चार गावे आहेत. त्यांनी तयारी कधी करायची?

तक्रार रास्त आहे. अंत्यविधी, लग्ने, आजाऱ्यांच्या भेटी, ऑफिसची कामे यात आठवडा संपतो आणि शनिवारी रात्री विषय शोधणे सुरू होते. अशा वेळी माणूस आपल्या आवडीच्या सात-आठ वचनांभोवतीच फिरतो.

यावर पाठमाला, म्हणजे कोणत्या रविवारी कोणता उतारा वाचायचा याची आधीच ठरलेली यादी, हा चांगला उपाय आहे. अनेक मंडळ्यांत वापरली जाणारी तीन वर्षांची पाठमाला पहिल्या वर्षी मत्तय, दुसऱ्या वर्षी मार्क आणि तिसऱ्या वर्षी लूक घेते. योहान अधूनमधून, विशेषतः पुनरुत्थानाच्या काळात येतो. म्हणजे विषय शोधण्याचा वेळ वाचतो आणि शुभवर्तमान दर रविवारी वाचले जातेच. पाठमाला नको असेल तर एक पुस्तक घेऊन क्रमाने चालवा. मार्काचे १६ अध्याय साधारण सहा-सात महिन्यांत होतात. पुढचा उतारा सोमवारीच ठाऊक असला की भेटीगाठींतही तो डोक्यात घोळत राहतो.

ज्या गावी पाळक महिन्यातून एकदाच पोचतात, तिथे वडीलधारी मंडळी उपासना चालवतात. त्यांना ‘प्रभू जसे चालवील तसे बोला’ म्हणून सोडून देणे बरे नाही. महिन्यातून एका शनिवारी दोन तास त्यांच्याबरोबर बसा आणि पुढच्या चार उताऱ्यांवर वरचे तीन प्रश्न एकत्र सोडवा.

जुनी गीते की नवी स्तुती-आराधना?

या वादात आपला फार वेळ जातो, आणि वाद बहुतेक वेळा ढोलकी-पेटी विरुद्ध कीबोर्ड-ड्रम असा असतो. आमच्या मते प्रश्न वाद्याचा नाही, शब्दांचा आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंग आणि ओवी मंडळीत आणली आणि कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन लोकप्रिय केले, तेव्हा तेही नवेच होते. ते टिकले, कारण अभंगाच्या चालीबरोबर त्यात सांगण्यासारखे काही होते. कीर्तनात तर अख्खे आख्यान असते. ख्रिस्ताचा जन्म, दुःखसहन, पुनरुत्थान ज्याला वाचता येत नव्हते त्यालाही पाठ होई. हा प्रकार हळूहळू बंद पडू देणे हे आपले मोठे नुकसान आहे.

रविवारच्या गीतांची यादी करताना एवढे पाहा. पाच गीते असतील तर निदान दोघांत ख्रिस्ताचे मरण किंवा पुनरुत्थान शब्दांत आलेले असावे, निदान एकात पापाची कबुली असावी. ‘मी गाईन, मी नाचेन, मी उंचावीन’ एवढेच असलेले गीत वाईट नव्हे, पण पाचही तशीच असतील तर मंडळी पंचवीस मिनिटे स्वतःबद्दलच गात राहते. जुन्या गीतांबाबत वेगळी चूक होते. सहा कडव्यांपैकी पहिले, दुसरे आणि शेवटचे घेतात, आणि नेमके क्रूसाचे कडवे गळते. वेळ कमी असेल तर एक गीत कमी करा, कडवे कापू नका.

आवाजाचे म्हणाल तर मंडळीचा आवाज मंडळीला ऐकू यायला हवा. स्पीकर इतका मोठा की शेजारचा गातो की नाही हे कळत नाही, तिथे दोन महिन्यांत लोक गाणे सोडतात आणि ऐकणारे होतात.

प्रभुभोजन किती वेळा घ्यावे?

आपल्याकडे बहुतेक ठिकाणी महिन्याच्या पहिल्या रविवारी असते. किती वेळा याचा ठरावीक आकडा शास्त्रात नाही. कसे घेतो हे महत्त्वाचे. १ करिंथ ११:२६ प्रमाणे हा विधी प्रभूच्या मरणाची घोषणाच आहे. ज्या रविवारी उपदेश फसला त्या रविवारीही मेज, म्हणजे प्रभुभोजन, सुवार्ता सांगते. म्हणूनच तो उपासनेच्या शेवटी, निवेदने लांबल्यावर, दहा मिनिटांत उरकू नये. पहिल्या रविवारी उपदेश २० मिनिटांचा ठेवा, निवेदने छापून द्या किंवा व्हॉट्सॲपवर टाका, आणि मेजाला २५ मिनिटे मोकळी ठेवा.

दुसरी अडचण भीतीची. त्याच अध्यायातले ‘अयोग्य प्रकारे’ हे शब्द ऐकून कित्येक म्हाताऱ्या बायका वर्षानुवर्षे मागेच बसून राहतात: घरात भांडण झाले, सुनेशी बोलणे नाही, मग मी कशी घेऊ. तो उतारा २०-२२ वचनांपासून वाचून दाखवा. करिंथमध्ये सधन लोक आधी येऊन खाऊन-पिऊन घेत आणि गरीब उपाशी राहत. त्या वागण्याला पौल अयोग्य म्हणतो. पापाची जाणीव झालेल्या माणसासाठीच तर मेज मांडलेले आहे. सुनेशी समेट करायला जरूर सांगा, पण त्या बाईला मेजापासून दूर ठेवून तो होणार नाही.

दृढीकरणाचा वर्ग कसा घ्यावा?

दृढीकरण म्हणजे मोठ्या झालेल्या मुलांनी आपला विश्वास मंडळीपुढे स्वतः कबूल करण्याचा विधी. बिशपसाहेबांच्या भेटीची तारीख ठरली की तीन आठवड्यांत आज्ञा, प्रभूची प्रार्थना आणि मतांगीकार (विश्वासाची कबुली) पाठ करून घेतात. मुले घडाघडा म्हणतात, दाखला मिळतो, लग्नाच्या वेळी उपयोगी पडतो. त्यानंतर ती मुले बाकांवर दिसत नाहीत.

निदान आठ रविवार धरा. पहिले चार: देव आणि सृष्टी, पाप, ख्रिस्त कोण, त्याचे मरण व पुनरुत्थान. पाचवा: विश्वासाने नीतिमान ठरणे. सहावा: पवित्र आत्मा आणि मंडळी. सातवा: बाप्तिस्मा व प्रभुभोजन. आठव्या वेळी प्रत्येकाने आपल्या शब्दांत दहा ओळी लिहायच्या, की माझ्यासाठी ख्रिस्ताने काय केले. पाठांतर ठेवाच, ते म्हातारपणी कामी येते, पण या दहा ओळी पाळकांनी एकेकाबरोबर बसून वाचाव्यात. ज्याला लिहिता आले नाही त्याला नापास करू नका. त्याच्याशी अजून बोलायचे बाकी आहे एवढाच त्याचा अर्थ.

शुभ शुक्रवारी देऊळ भरते, मग वेगळे काय करायचे?

बारा ते तीन या उपासनेत वधस्तंभावरचे सात उद्गार सात जण घेतात. प्रत्येकाला बारा मिनिटे दिली तर ८४ मिनिटे होतात; गीते, प्रार्थना आणि शांततेसाठी जवळजवळ दीड तास उरतो. प्रत्यक्षात पहिले दोन वक्ते पंचवीस-पंचवीस मिनिटे घेतात आणि ‘पूर्ण झाले आहे’ हा सहावा उद्गार ज्याच्या वाट्याला येतो त्याला ‘साहेब, पाचच मिनिटे’ अशी चिठ्ठी मिळते. गाभाच नेमका आखडला जातो. वेळ पाळायला एक माणूस पुढच्या बाकावर बसवा, आणि सर्वांत अनुभवी वक्ता पहिल्याऐवजी चौथ्या किंवा सहाव्या उद्गाराला द्या.

पुनरुत्थानदिनाच्या पुढच्या रविवारी गर्दी ओसरते. तरी पेंटेकॉस्टपर्यंतचे आठवडे पुनरुत्थानाचेच आहेत. थोमा, अम्माऊसची वाट, तिबिर्या समुद्राचा किनारा हे उतारे तेव्हाच घ्या.

आजार बरे करण्याच्या सभांबद्दल काय म्हणाल?

आजाऱ्यासाठी प्रार्थना करा, मंडळीच्या वडिलांना बोलवा, तेल लावा. याकोब ५:१४ स्पष्ट आहे, आणि जुन्या मंडळ्यांनी हे जवळजवळ सोडून दिले म्हणूनच लोक दुसरीकडे धावतात. पण ‘विश्वास कमी म्हणून बरा झाला नाहीस’ हे वाक्य व्यासपीठावरून कधीही येऊ देऊ नका. पौलाने त्रफिमाला मिलेतात आजारी सोडले (२ तीमथ्य ४:२०), तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितले, आणि त्याच्या स्वतःच्या शरीरातला ‘काटा’, म्हणजे त्याला छळणारे दुखणे, तीन वेळा मागूनही निघाला नाही. इन्सुलिन, क्षयाच्या किंवा फिट्सच्या गोळ्या बंद करायला कोणी सांगत असेल तर त्याला तिथल्या तिथे थांबवा. यात जीव जातो.

पैशाचेही असेच. मलाखी ३:१० दाखवून ‘दशांश द्या, दुप्पट मिळेल’ म्हटले की दान हा सौदा होतो. २ करिंथ ८ मध्ये पौलाला वर्गणीच गोळा करायची आहे, तरी तो ९व्या वचनात ख्रिस्त आपल्यासाठी दरिद्री झाला याकडे बोट दाखवतो.

शाळा, दवाखाना, वसतिगृह चालवणे म्हणजे सुवार्ता सोडणे का?

नाही. मिरजेला डॉ. वॉन्लेस यांचा दवाखाना १८९४ मध्ये उभा राहिला, पंडिता रमाबाईंनी केडगावला दुष्काळातल्या मुलींना आसरा दिला, १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी जामखेडला ग्रामीण आरोग्याचे काम सुरू केले. इफिस २:८-१० मध्ये कृपा आधी येते आणि सत्कृत्ये मागोमाग.

बिघडते ते दोन प्रकारे. सेवेला अट लावली की ती आमिष होते. रुग्णाला रुग्ण म्हणून तपासा, प्रार्थना हवी का ते विचारा, नको म्हणाला तर तितक्याच आपुलकीने औषध द्या. उलट टोकाला, संस्था एवढी वाढते की मंडळीची सगळी ताकद प्रवेश, अनुदान आणि कर्मचाऱ्यांच्या नेमणुकांत खर्च होते आणि रविवारची उपासना हा एक कार्यक्रम उरतो.

जातीचा विषय मंडळीत काढावा का?

काढावाच लागेल. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीयांबरोबरच्या पंगतीतून उठला, तेव्हा पौलाने त्याला शिष्टाचार शिकवला नाही. तू सुवार्तेच्या सत्याप्रमाणे सरळ चालत नाहीस असे सगळ्यांसमोर सांगितले (गलती २:११-१४). आपल्याकडे पंगत एक झाली, सोयरीक झाली नाही. स्थळे बघताना ‘पूर्वीचे कोण’ हा प्रश्न हळू आवाजात विचारला जातोच, आणि पंचांच्या निवडणुकीत गट त्याच रेषेवर पडतात.

१९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे दलित ख्रिस्ती व्यक्तीला अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नाही. कित्येक घरांत कागदावर एक धर्म आणि देवळात दुसरा असे जगावे लागते. त्या लोकांना ढोंगी म्हणण्याआधी मंडळीने त्यांच्या मुलांच्या फीचा विचार करावा. जातीवर उपदेश करायचा तर गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायावर करा, आणि त्याच महिन्यात पाळकांनी लग्नाच्या वयाच्या मुलामुलींच्या आईबापांना घरी जाऊन भेटावे.

पंचांची सभा आणि कोर्टकचेऱ्या यांचा सुवार्तेशी काय संबंध?

विषयपत्रिका बघा. मालमत्ता, भाडेकरू, कंपाउंडची भिंत, धर्मादाय आयुक्तांकडची तारीख, आणि रात्री साडेनऊला ‘इतर विषय’ यात आजारी व गैरहजर सभासद. क्रम फिरवा. पहिली २० मिनिटे शास्त्रवाचन आणि माणसे: कोण आले नाही, कोणाच्या घरी दुःख आहे, कोण कोणाशी बोलत नाही. मग हिशेब. दर तीन महिन्यांनी जमाखर्च सूचनाफलकावर लावा. निम्मी भांडणे हिशेब न कळल्यामुळे होतात. ज्या दोन गटांत दावा चालू आहे त्यांना १ करिंथ ६ वाचून दाखवणे सोपे आहे, पण त्या अध्यायातला ‘त्यापेक्षा अन्याय का सोसत नाही?’ हा प्रश्न तुमच्याच गटाला आधी विचारा. पाळक एका गटाचे झाले की त्यांच्या तोंडून क्षमेचा उपदेश कोणी ऐकत नाही.

संडे स्कूलमध्ये काय बदलावे?

गोष्टीच्या शेवटी ‘म्हणून चांगल्या मुलांनी खोटे बोलू नये’ एवढेच येत असेल, तर मूल शिकते की येशू चांगल्या मुलांचा आहे, आणि आपण चांगले नाही हे त्याला ठाऊक असते. याकोब लबाड होता, तरी देवाने त्याला सोडले नाही, हे तसेच सांगा. ४० मिनिटांच्या वर्गात १५ मिनिटे गोष्ट, १० मिनिटे प्रश्न, उरलेला वेळ गीत आणि एक वचन. चित्र रंगवणे शेवटी, वेळ उरला तर.

आमची तरुण मुले शहरातल्या इंग्रजी मंडळ्यांत जातात. काय करावे?

पुण्या-मुंबईत हे चालूच राहणार. जिथे सुवार्ता नीट ऐकायला मिळते तिथे मूल जात असेल तर रागावू नका. मात्र जी मुले जुन्या पवित्र शास्त्राची भाषा कळत नाही म्हणून जातात, त्यांच्यासाठी करता येण्याजोगे बरेच आहे. शास्त्रवाचन आदल्या रविवारी नेमून द्या, वाचणाऱ्याने घरी दोनदा मोठ्याने वाचून यावे. तरुणांच्या सभेत सोप्या भाषेतले भाषांतर वापरा, उपासनेत दोन्ही चालू द्या. आणि त्यांना फक्त माइक, प्रोजेक्टर आणि नाताळच्या नाटकापुरते धरू नका. वर सांगितलेल्या शनिवारच्या उतारा-बैठकीला वडीलधाऱ्यांबरोबर दोन तरुणही बसवा.